मॅडमच्या मापाचं इंजेक्शन

"इंजेक्शन का शौक लग गया है क्या?"

डॉक्टरसाहेबांनी भर वॉर्डात विचारलं. बायका हसल्या. मीही हसले. पित्ताशय काढून दुसरा दिवस, बरगडीखाली वीतभर टाके, हसताना ते ओढले जात होते. तरी हसले. साहेब विनोद करतायत, मग हसायला नको? अशी मी. तेव्हा तीस वर्षांची, दोन लेकरांची आई, अक्कल शून्य.

भोपाळातली कारखान्याची टाउनशिप, तिथलं कारखान्याचंच हॉस्पिटल. नवरा फिटर, म्हणून मी जनरल वॉर्डात. मॅनेजरची बायको प्रायव्हेट रूममध्ये. ऑपरेशन तेच, दिवसही तोच.

"उधर मैडम आधे इंजेक्शन में सो गईं। तुम्हें पूरे में आराम नहीं? मेहनती औरत हो, सह लो।"

मॅडम अर्ध्यात झोपल्या, हे खरं. मला ते दुखण्यावरचं पेथिडीन पूर्ण दिलं तरी तासभरच पुरायचं. पुढचं सहा तासांनी. मधले पाच तास मी पलंगाची दांडी धरून काढायचे आणि मनात देवाची माफी मागायचे. मला वाटे, खरंच नशा लागली आपल्याला.

त्यात आमची रीत. राउंडची वेळ झाली की आम्ही कामगारांच्या बायका उठून बसायचो. वेणी, पावडर, टिकली, डोक्यावर पदर. जणू साहेब आम्हाला बघायला येतायत, स्थळ घेऊन. साहेब पायथ्याशी उभे राहून विचारायचे, मी म्हणायचे, "ठीक हूँ साहब।" ते लिहायचे, तक्रार नाही. अशा नटलेल्या बाईला दुखतंय हे त्यांनी का मानावं? आणि ते गेले की मी सिस्टरपाशी रडायचे, इंजेक्शन मागायचे; तेवढंच साहेबांच्या कानावर जायचं. वा गं शहाणे.

सिस्टर केरळची. पट्टी बदलता बदलता म्हणाली, "हर शरीर अलग है, बाई। किसी को आधा बहुत, किसी को पूरा भी कम। यह शौक नहीं है। पर मैं बोलूँगी तो साहब नहीं मानेंगे।"

तिसऱ्या दिवशी मी उठले नाही. केस मोकळे, तोंड पारोसं. शेजारची कुजबुजली, "अगं, पदर तरी घे."

साहेब आले. "आज मैडम बन गई हो?"

"नहीं साहब। मैडम का नाप मैडम को। मेरा दर्द घंटे भर में लौट आता है। लिखिए।"

"डॉक्टर मैं हूँ या तुम?"

"डॉक्टर आप। पेट मेरा। लिखिए।"

कुणी हसलं नाही. त्यांनी लिहिलं. डोस वाढला. जास्त औषधाने श्वास मंदावतो, म्हणून सिस्टर घड्याळ धरून माझे श्वास मोजत बसली. साहेबांनी माफी मागितली नाही. नवऱ्याला मात्र बोलावून सांगितलं, बायको झगडालू आहे. तो बिचारा घामाघूम झाला.

आता सत्तरी आली, गुडघा बदलायचाय. मुलगा म्हणतो, "आई, मोठे डॉक्टर आहेत, वाद घालू नकोस." भूल देणारा कोवळा डॉक्टर विचारायला आला, तेव्हा त्याला सांगितलं, "बेटा, मेरे शरीर को दर्द की दवा ज़्यादा लगती है। काग़ज़ पर लिख लो।" तो म्हणाला, "बाद में देखेंगे, अम्मा।"

बाद में नाही. तो कागद मी स्वतः वाचेन. त्यावर ते नसेल, तर टेबलावर मीही नसेन.