अडीच चमचे

मलकापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांची वाट बघत बसलो होतो. वेळ जावा म्हणून मीच डॉक्टरांना वाटलेली छापील चिठ्ठी वाचायला घेतली... आणि एक ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

स्वातंत्र्य मिळून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. आता मी अठ्ठ्याण्णवचा आहे, सांगतोय मी आणि टाइप करतेय नात. तेव्हा एकवीस वर्षांचा होतो, सांगलीत राहून एका औषध कंपनीचा माल डॉक्टरांना दाखवत फिरायचो. सर्व्हिस मोटारीच्या, म्हणजे तेव्हाच्या बसच्या, टपावर सायकल, हातात बॅग... थेट साताऱ्यापर्यंत.

आमच्या खोकल्याच्या औषधात थोडी अफू असायची. माहिती सगळी इंग्रजीत. घरच्या माणसांना कळावं म्हणून मी हौसेने मराठी चिठ्ठी लिहिली आणि कंपनीला न विचारता छापून घेतली. मी लिहिलं होतं, ‘लहान मुलांना अर्धा चमचा’. छापखान्यात माझं अक्षर लागलं नाही, त्यांनी ‘अडीच चमचे’ जुळवलं. प्रूफ माझ्याकडे आलं होतं, पण मोटार सुटायला आली होती. न वाचताच सही केली.

पाचपट औषध... लहान मुलाला. पुढचा विचार करवेना.

अकरा दवाखान्यांत चिठ्ठ्या दिल्या होत्या. त्याच क्षणी ठरवलं, एकूण एक परत आणायची. दोन दिवस सायकल हाणली. प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य, ‘चूक माझी आहे, चिठ्ठ्या परत द्या.’ एका डॉक्टरांनी बॅगेसकट बाहेर काढलं. पण चिठ्ठ्या दिल्या. दहा ठिकाणी एकही चिठ्ठी अजून कुणाच्या घरी गेली नव्हती.

शेवटचं गाव उंब्रज. तिथले डॉक्टर वयस्कर, कडक. सगळं ऐकून म्हणाले, “कंपनीला कळलं तर नोकरी जाईल तुमची.”

“मीच कळवणार आहे. इथून किती चिठ्ठ्या गेल्यात, तेवढं सांगा.”

त्यांनी कपाळाला हात लावला. “एकच. कालच दिली, मीही न वाचता. नदीपलीकडच्या वस्तीवर, तीन वर्षांची मुलगी आहे.”

नदीला गुडघाभर पाणी होतं. सायकल खांद्यावर घेऊन उतरलो. वस्ती दिसली तशी सायकल टाकून धावलो... डॉक्टरांनी सांगितलेल्या घरातून आवाजच येत नव्हता.

दारात एक बाई ज्वारी पाखडत होती. नवरा पलटणीत, घरात ती, म्हातारे सासरे आणि मुलगी. मी धापा टाकत विचारलं, “पोरीला औषध दिलं का? किती दिलं?”

“न्हाई दिलं अजून,” ती म्हणाली. “मामंजींनी चिठ्ठी वाचली. अडीच चमचं म्हनलं. म्या म्हटलं, येवढ्याशा जिवाला येवढं? आदी डाक्टरास्नी इचारू, मग देऊ.”

आतून सासरे ओरडले, “छापलंया त्यात! छापल्यालं खोटं असतंय व्हय?”

“खोटं आहे, आजोबा,” मी म्हणालो. “मीच छापलंय.”

आणि तिथेच उंबऱ्यावर बसून रडलो. बाईला काही कळेना. तिने तांब्याभर पाणी आणून दिलं आणि म्हणाली, “आवं, ती निजलीया. खोकून खोकून दमली. उठली की किती देऊ, तेवढं सांगा.”

अर्धा चमचा कसा मोजायचा, ते तिच्याच चमच्यात पाणी घेऊन दाखवलं. मुलगी उठेपर्यंत थांबलो, औषध घेतलेलं डोळ्यांनी पाहिलं, चिठ्ठी परत घेतली, मगच निघालो.

सांगलीला पोचल्यावर कंपनीला सगळं खरं लिहिलं. सक्त ताकीद आली, नोकरी राहिली. पुढे एकतीस वर्षं हेच काम केलं. उंब्रजचे डॉक्टर मला नेहमी रांग सोडून आत बोलवायचे.

त्या बाईशी मात्र मी तेव्हा औषधापलीकडे काही बोललो नाही. मान खाली घालून निघून आलो. सासऱ्यांपुढे, छापलेल्या कागदापुढे ती अडून बसली, म्हणून एक मूल वाचलं आणि मीही वाचलो... बाई, आभार मानायचे राहून गेले होते. आज मानतो.