फाटणारा कागद

आईचं लुगडं घडीवर विरलं, तेव्हा त्याची गोधडी करायची असं मी ठरवून टाकलं. ते बाबांनी स्वतःच्या मागावर विणलेलं शेवटचं लुगडं. पुढे माग मोडीत निघाला, बाबा बुटीबोरीच्या कारखान्यात लागले, आणि त्यांच्या हातचं कापड घरात तेवढंच उरलं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. कात्रीचं नाव काढल्यावर बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी एका टोकाचा हातभर तुकडा स्वतःच कापला आणि माझ्यापुढे टाकला.

"याच्यावर करून दाखव. एक धागा जरी निसटला, तं बाकीचं पेटीत जाईन. मंग मले विचारू नको."

मला साधी गोधडी नको होती, टोकदार चांदण्यांची हवी होती. अशी टोकं अचूक यायची तर कागदावर शिवावं लागतं. कागदावर नक्षी आखायची, मागून कापडाचे तुकडे धरायचे, रेघेवरून मशीन मारायची आणि शेवटी कागद फाडून काढायचा. सगळी गोम त्या फाडण्यात आहे. हातमागाचं जुनं कापड सैल असतं. कागद हट्टी निघाला तर टाक्यांबरोबर धागेही ओढून आणतो.

म्हणून आधी जुन्या परकराच्या चिंध्यांवर कागद तपासायला घेतले. ऑफिसातला झेरॉक्सचा कागद इतका चिवट, की ओढताना टाके आ वासून बसले. बटर पेपर मशीनखाली घसरायचा आणि इस्त्री लागली की आक्रसायचा. पतंगाचा कागद शिवण पुरी व्हायच्या आतच फाटला, वर आपला लाल रंग देऊन गेला. वर्तमानपत्र बरं फाटत होतं, पण इस्त्री फिरवल्यावर पांढऱ्या चिंधीवर कुणाची तरी निधनवार्ता उलटी उमटली. आईच्या लुगड्यावर ते मला चालणार नव्हतं.

धरमपेठेतल्या दुकानदाराने तर मला वेड्यात काढलं. "मॅडम, लोकं मजबूत कागद मागतात. तुम्ही फाटणारा मागून राहिल्या!"

"तोच पाहिजे," मी म्हटलं. "नसेल तर तसं सांगा."

नव्हताच. मग सुट्टीच्या दिवशी गांधीबाग पालथी घातली. कापडाच्या दुकानांमागच्या एका गल्लीत रफ वह्या बांधणारा एक म्हातारा सापडला. त्याच्याकडे रेघा न मारलेले कोरे, पिवळट कागद होते. मी तिथेच उभ्या उभ्या एक फाडून पाहिला. फार नखरे न करता फाटला. गठ्ठा काखेत मारून घरी आले. परकरावरची चांदणी त्या कागदावर झकास उतरली, आणि मी हवेत गेले.

मग माती खाल्ली. लुगड्याचं कापड नरम पडलेलं, म्हणून त्याला आधी कांजी दिली. विणकराच्या घरात सुताला कांजी दिल्याशिवाय पुढचं काम होत नाही. माझा हात आपोआप तिकडे गेला. ओलसर असतानाच कागदावर ठेवून इस्त्री केली, शिवलं, आणि फाडायला गेले तर कागद कापडाला डिंकाने डकवल्यासारखा बसलेला. नखाने खरवडला, तसे दोन धागे उसवून बाहेर आले. बाबा समोरच बसले होते. ते उठले, लुगड्याची घडी घातली आणि पेटीत ठेवून दिली.

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला, स्वतःचाच. पण हातभरातला अर्धा तुकडा अजून माझ्याकडे होता. तो धुऊन कांजी काढली. दुसऱ्या दिवशी सकाळीच कागदाच्या पट्ट्या फाडत ओसरीवर बसले. एक पट्टी सरळ जायची, दुसरी वाकडी. बाबा बराच वेळ बघत होते.

"काहून वं, अशी आडवी-तिडवी फाडून राहिली?"

"कागदच तसा आहे, बाबा."

"आण इकडे." त्यांनी एक कागद घेतला आणि उभा फाडला. रेघ मारल्यासारखा गेला. तोच आडवा फाडला, तर दातरे पडले. "यालेही उभं-आडवं असते. कापडावाणी. तू कागद पाहूनच नाही राहिली, नुसती ओढून राहिली."

मी सगळे कागद नव्याने कापले, लांब शिवणी कागदाच्या उभ्या अंगाने येतील असे. टाका बारीक केला, म्हणजे सुईच्या भोकांनीच कागद अर्धा सुटतो. चांदणी शिवून झाल्यावर ती बाबांच्या हातात दिली. फाडायची हिंमत मला होईना.

त्यांनी अंगठ्याने शिवण दाबून धरली आणि एकेक तुकडा सोडवला. मग चांदणी दोन्ही हातांनी ताणली. इतक्या जोरात, की मी "बाबा!" म्हणून ओरडले. एकही धागा हलला नाही. ते उठले, पेटीतलं लुगडं आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"पदरही घे. सगळं घे," ते म्हणाले. "फाटंल म्हणून तुह्या आईनं हे चार वेळा बी नेसलं नाही. आता कोणी पांघरा तरी."

मी कात्री उचलली.