पडद्यावरचा रवा

वसंत घाडीगावकरांना कुठलंही जुनं पिक्चर दाखवा, ते आधी नायिकेकडे बघणार नाहीत, रवा बघतील. जुन्या फिल्मवरच्या चित्रात जे बारीक कण सतत थरथरत असतात त्यांना शिकलेले लोक ग्रेन म्हणतात. वसंतराव परळच्या एका थिएटरात एकतीस वर्षं ऑपरेटर होते, मशीनवर रिळं चढवण्यात त्यांची उमर गेली, आणि त्यांच्या तोंडी तो कायम रवाच. चेहऱ्यावर रवा असेल तर माणूस जिवंत, रवा पुसला की मेणाचा पुतळा. हे ते इतकं ठासून सांगत, की आपण आजवर सिनेमे बघून घोडचूकच केली असं ऐकणाऱ्याला वाटे.

थिएटर बंद पडल्यावर ते लालबागच्या चाळीत तीन वर्षं नुसते बसून होते. मग दादरच्या हेरंब केतकरांनी त्यांना बोलावलं. केतकर शिवाजी पार्कच्या बाजूला राहणारे रिटायर्ड इंजिनिअर, जुन्या मराठी सिनेमांनी झपाटलेले. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गोदामात कुजत पडलेल्या निगेटिव्ह शोधायच्या, मशीनवरून एकेक फ्रेम कॉम्प्युटरात उतरवून घ्यायची, धूळ-ओरखडे काढायचे आणि ब्लू-रे डिस्क काढायची, हा त्यांचा उद्योग. चित्रांची साफसफाई करायला इरावती होती, तिशीतली, कमी बोलणारी मुलगी. दिवसदिवस ती एका ओरखड्यामागे बसलेली असे. पण शेवटचा शब्द वसंतरावांचा.

त्यांची तपासायची पद्धत ठरलेली. केतकरांच्या हॉलमधला मोठा पडदा खाली सोडायचा आणि अख्खं पिक्चर आधी आवाज बंद करून बघायचं. मग तेच पिक्चर पहिल्यापासून डोळे मिटून ऐकायचं. मग चहा. चहानंतर ते 'पास' म्हणत किंवा 'नापास' म्हणत, आणि वहीत एक ओळ लिहीत.

पास म्हटलं की केतकर मशीनवरून उतरवलेली मूळ चित्रं हार्डडिस्कवरून पुसून टाकत. ती चित्रं जागा फार खात, आणि पुढचं पिक्चर रांगेत असे. निगेटिव्ह तर आधीच आंबलेल्या असत. डबा उघडला की व्हिनेगरचा वास खोलीभर पसरे, आणि मशीनमधून एकदा गेलेली फिल्म पुन्हा जाण्याच्या लायकीची उरत नसे. म्हणजे वसंतरावांनी पास म्हटलं की मागे फिरायला वाट नाही. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा त्यांना थोडा माजही होता.

गेल्या दिवाळीनंतर त्यांची कुरकुर सुरू झाली. "इरावती, तू रवा खातेस," ते म्हणाले.

"काका, मी फक्त धूळ काढलीय. ग्रेनला हातसुद्धा लावला नाही."

"चेहरे बघ की! साबणाने धुतल्यासारखे. वाढव रवा."

तिने कॉम्प्युटरवरून खोटे कण घातले, कडा धारदार केल्या. वसंतरावांना ते पुरेना. आणखी वाढव, आणखी. अखेर त्यांना हवं तसं झालं तेव्हा त्यांनी पास म्हटलं. असं एकदा नाही, पिक्चरामागून पिक्चर चार वेळा झालं. इरावती दर वेळी एकदा नाही म्हणे आणि मग मान खाली घालून करून देई.

त्याच महिन्यांत चाळीतही काहीतरी बिघडत चाललं होतं. शेजारच्या प्लॉटवर टॉवरचा पाया खणायचं काम चालू होतं, दिवसभर धडाम धडाम. वसंतरावांना एका सकाळी दिसलं की गॅलरीच्या कठड्याचे गज मधोमध वाकलेत. ते तडक चाळ कमिटीच्या सेक्रेटरीकडे गेले. तो येऊन बघून गेला आणि म्हणाला, गज सरळच आहेत. शेजारीही तेच म्हणाले. हे सगळे बिल्डरला फितूर झालेत, असं वसंतरावांनी घरात जाहीर केलं. बशीत ओतलेला चहा बाहेर सांडला तेव्हा बशी उथळ होती. जिन्याची पायरी चुकून गुडघा फुटला तेव्हा जिना खचला होता. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे कारण तयार असे. त्यांची बायको सुभद्रा गुडघ्याला हळद लावताना त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

मार्चमध्ये पाचवं पिक्चर आलं. काळंपांढरं, साठेक वर्षांपूर्वीचं, आणि जगात त्याची तेवढी एकच निगेटिव्ह उरलेली. वसंतरावांनी आवाज बंद करून बघितलं आणि अर्ध्यातच हात वर केला.

"नापास. बाईचं तोंड बघा, नाकाच्या जागी नुसतं मेण! आणि मागची दाराची चौकट वाकडी आलीय. मशीनमध्येच घोळ आहे तुमच्या."

इरावती उठली. टेबलावरची स्टीलची पट्टी तिने आणली आणि पडद्यावरच्या चौकटीला लावून धरली. "सरळ आहे, काका. या वेळी मी काहीही वाढवणार नाही. आहे ते उत्तम आहे."

"पट्टी लावून पिक्चर बघतात काय गं?" वसंतराव भडकले.

केतकर मधे पडले, आधी आवाज ऐकून घेऊ म्हणाले. वसंतरावांनी डोळे मिटले. तासाभराने त्यांनी बोट वर केलं. "थांबा. गाण्याच्या आधी ती बाई श्वास घेते. तो तुम्ही खरखर काढताना खाल्लात." इरावतीने मूळ आवाज लावून बघितला. श्वास होता. साफ केलेल्या आवाजात नव्हता.

तिने चूक तिथल्या तिथे मान्य केली, आणि तिथेच तिचं नशीब फिरलं. केतकरांचा चेहरा बदलला. "वसंतरावांचा कान असा, तर डोळा चुकेल का?" ते म्हणाले. "इरावती, तू ग्रेनला हात लावला नाहीस हे खरंय ना? नक्की?"

इरावतीने एक क्षण दोघांकडे बघितलं. मग बॅग उचलली आणि गेली. केतकरांनी काम दुसऱ्याला दिलं. शुक्रवारी नवी प्रत तयार होणार होती, खरखरीत, धारदार, वसंतरावांच्या पसंतीची. त्यांनी पास म्हटलं की मूळ चित्रं पुसायची.

वसंतरावांना तिच्या जाण्याचं वाईट वाटलं, पण पोरीने खोटं बोलायला नको होतं असंही वाटलं. बुधवारी दुपारी मन रमवायला त्यांनी सहा वर्षांपूर्वीची एक डिस्क घरच्या टीव्हीवर लावली. ही त्यांची सगळ्यात लाडकी. वहीत त्यांच्याच अक्षरात, चांगलं ठसठशीत लिहिलेलं होतं: 'रवा एक नंबर.' त्यांनी खुर्ची पुढे ओढली. आणखी पुढे ओढली. नायकाच्या तोंडावर रवा नव्हता. नायिकेच्या तोंडावर नव्हता. मेण, सगळीकडे मेण.

डिस्क खराब झाली, त्यांनी स्वतःला सांगितलं. पण ब्लू-रे खराब होते तेव्हा अडकते, चित्र फुटतं. त्यातला रवा कुणी परस्पर पुसून नेत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? ते उठून गॅलरीत आले.

सुभद्रा उन्हात बसून तांदूळ निवडत होती. ते तिच्यासमोर उकिडवे बसले, अगदी वीतभर अंतरावर. तिला लहानपणी देवी आल्या होत्या. दोन्ही गालांवर, कपाळावर खोल व्रण. लग्नात वसंतरावांच्या आत्येने त्यावरून नाक मुरडलं होतं, आणि चाळीस वर्षं रोज सकाळी वसंतरावांनी तो चेहरा बघितला होता. आता त्यांच्यासमोर भर उन्हात एक गुळगुळीत, पांढुरका चेहरा होता.

"तुझे व्रण कुठे गेले?" त्यांनी विचारलं.

सुभद्रा लाजली. "ह्या वयात काय मस्करी करतास!" ती म्हणाली. मग त्यांचा हात तिच्या गालावर फिरला, एकेका खड्ड्यावर थांबत थांबत, आणि तिचं हसू मावळलं. सूप खाली ठेवून तिने त्यांचा हात घट्ट धरला.

वसंतराव घाबरले. थेट सांगायचं तर इतके कधी घाबरले नव्हते, गिरणी बंद पडून वडील घरी बसले तेव्हाही नाही. आणि भीतीच्या पाठोपाठ एक हलकट विचार आला. कुणाला काय कळणार आहे? शुक्रवारी नुसतं पास म्हणायचं. कान शाबूत आहेत, तेवढ्यावर आणखी वर्ष-दोन वर्षं निघतील. दोन दिवस हा विचार त्यांच्या ताटाशी जेवायला बसत होता.

शुक्रवारी ते सुभद्रेला घेऊन दादरला गेले. केतकर नवी प्रत लावायला निघाले, तेव्हा वसंतराव म्हणाले, "ती नको, साहेब. इरावतीची लावा." सुभद्रेला त्यांनी आपल्या खुर्चीत बसवलं. केतकर गोंधळून बघत राहिले.

"त्या बाईच्या तोंडाकडे बघ. बारीक बारीक काही हलताना दिसतं का?"

"दिसता तर," सुभद्रा म्हणाली. "रांगोळी भुरभुरल्यासारखा. सगळीकडे हलता."

"आणि मागची चौकट?"

"सरळ आसा. वाकडी कित्याक असतली?"

वसंतरावांनी केतकरांकडे तोंड फिरवलं. केतकरांचा चेहराही मेणाचा होता. "पोरगी खरं बोलत होती. माझे डोळे गेलेत साहेब, मधोमध गेलेत, बघावं तेच पुसट नि वाकडं दिसतं. मूळ चित्रं पुसू नका. तिची प्रत पास, फक्त तो श्वास परत घाला."

केतकरांनी पिक्चर थांबवलं. मग हळूच म्हणाले, "आणि आधीची चार?"

चारांची मूळ चित्रं, इरावतीच्या आधीच्या प्रतींसकट, केव्हाच पुसली होती. निगेटिव्ह भुगा होऊन गेल्या होत्या. जगात त्या पिक्चरांचं आता जे काही उरलं होतं, ते वसंतरावांच्या हट्टापायी कानशीने घासल्यासारखं खरखरीत करून ठेवलेलं होतं.

त्यांनी सुभद्रेला इरावतीचा नंबर लावायला सांगितला. सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. माफी मागितली.

"त्या चार वेळी," शेवटी त्यांनी विचारलं, "तुला रवा दिसत होता?"

"दिसत होता, काका."

"मग ऐकलंस कशाला माझं?"

"तुम्ही म्हणत होतात म्हणून," इरावती म्हणाली. "मला वाटलं, माझेच डोळे चुकतायत."