तळ्याकाठची घोरपड

आश्विन लागला तरी बंगालातल्या खिदिरपूरची हवा पिळून काढावी इतकी दमट. सुलभाताई सकाळी सहालाच मागच्या पडवीत माती मळत बसलेल्या. नवऱ्याची, चंद्रकांतरावांची, बँकेतली बदली इथे झाली त्याला एकवीस वर्षं झाली. ते रिटायर झाले, तरी दोघं परत गेली नाहीत. सोसायटीच्या तळ्यावर दिसेल ते जनावर बाई मातीत घडवतात आणि भट्टीत भाजतात. खंड्या, मुंगूस, पाणसाप.

गेल्या महिन्यात हातभर लांब, पोकळ मातीची घोरपड भाजून त्यांनी तळ्याच्या कठड्यावर ठेवली. खाली बंगालीत पाटी: 'ही इथेच राहते.' चूक तिथेच झाली. इतकी वर्षं कुणाच्या खिजगणतीत नसलेलं जनावर आता सगळ्यांना दिसायला लागलं.

त्या माती मळत असतानाच तळ्यावर ओरडा उठला. बाई मातीच्या हातांनीच धावल्या. सेक्रेटरी हाजराबाबू आणि तिघं जण सळया घेऊन उभे. घोरपड कोपऱ्यात कोंडलेली, मागचा पाय मोडून लोंबतोय. तरी शेपटीचा फटका असा, की एकाची पोटरी सोलून निघाली. तो चवताळला. सळई तिच्या बरगड्यांवर बसली. तोंडातून रक्त आलं.

"अरे थांबा! सापाची अंडी खाते ती. ती आहे म्हणून तुमच्या दारात साप नाही!"

"सरा बउदी!" बंगालीत वहिनीला हाक मारत हाजराबाबू ओरडले. "नातवंडं खेळतात इथे."

बाई मधे घुसल्या. पुढची सळई त्यांच्या उजव्या मनगटावर उतरली. हाड वाजलं.

"बर्गी कुठली!" हाजराबाबू थुंकले. मराठा स्वारांचं हे नाव इथे अजून पोरांना भेवडावायला वापरतात.

"हो, बर्गीच!" बाईंनी डाव्या हाताने कठड्यावरची मातीची घोरपड उचलली आणि त्यांच्या पायाशी आपटली. खापऱ्या उडाल्या. हाजराबाबूंची नडगी फाटली. चौघं मागे हटले, तेवढ्यात खरी घोरपड तीन पायांवर खुरडत पाण्यात पडली. शेवाळावर लाल रेघ उठली. बऱ्याच वेळाने पलीकडच्या बांबूंपाशी डोकं वर आलं, श्वास घेऊन आत गेलं.

दुपारी प्लास्टर घालून परतताना चंद्रकांतराव म्हणाले, "अगं, किती वेळा सांगितलं, आपण इथले पाहुणे."

"एकवीस वर्षं पाहुणा ठेवून घेतात होय कुणी?"

"तो हाजरा पोलिसात गेला म्हणजे?"

"जाऊ दे की. घोरपड मारत होतो म्हणून सांगेल? गुन्हा आहे तो, तोच आत जाईल."

घरी आल्यावर बाईंनी मायाळूच्या भाजीची जुडी पुढ्यात ओढली आणि डाव्या हाताने निवडायला घेतली.