मुराळ्याची वाट

घोटीजवळच्या एका खेड्यात, टेकडीच्या पायथ्याला वाटेवरच्या आईचं देऊळ आहे. मंगळवारी तिथं बायकांची रीघ लागते. पायरीशी बसून झुंबरबाई खण-नारळ विकते आणि विचारील तिला देवीची कथा सांगते.

एक सासुरवाशीण होती. दिवाळीला भाऊ मुराळी म्हणून न्यायला येणार, म्हणून ती या खडकावर वाट बघत बसली. भाऊ आला नाही. तीही उठली नाही. बसल्या जागी तिचा दगड झाला. तेव्हापासून माहेरी निघालेली बाई आधी हिची ओटी भरते.

मागच्या वर्षी देवस्थानाच्या मंडळींनी कथेचा फलक लावायचं ठरवलं. मजकूर लिहायला शाळेतल्या रोहिणी बाई आल्या. सगळं उतरवून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "मावशी, भाऊ नाही आला, तर ती एकटी का नाही गेली?"

"बोलावल्याशिवाय कसं जायचं, बाई?"

"माहेर तिचंच होतं ना?"

इतक्या वर्षांत झुंबरबाईला हे कुणी विचारलं नव्हतं.

तिचं स्वतःचं माहेर देवळ्याकडे. आईच्या दहाव्याला गेली, ती शेवटची. त्या दिवशी धाकट्या भावानं, भिकानं, हक्कसोडीचा कागद पुढे केला होता. "आज नको रे, आज आईचा दहावा हाय," एवढंच ती म्हणाली. भिकाला ते लागलं असावं. त्या दिवाळीला तो न्यायला आला नाही, नंतरही कधी नाही. नवरा होता तोवर म्हणायचा, "चल, मी सोडतो." ती म्हणायची, "बोलावणं येऊ द्या." अशी बावीस वर्षं गेली.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी तिनं दुकान लावलंच नाही. नाशिकला गाडी बदलून दुपारी देवळ्याला उतरली, पुढे चालत मळ्यात गेली. भिका कांदाचाळीत सडका कांदा निवडत बसला होता. केस पांढरे झालेले. त्यानं बराच वेळ तिच्याकडे पाहिलं.

"कुणासंगं आलीस?"

"एकटीच."

त्यानं शेजारी गोणपाट सरकवलं. ती बसली आणि कांदे निवडू लागली. भावजय चहा ठेवून गेली. ढीग निम्मा झाल्यावर भिका खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, तू रागात हाय."

"मला वाटलं, तू."

ती दोन दिवस राहिली. कागदाचा विषय त्यानं काढला नाही, तिनंही नाही. निघताना तो गाडीपर्यंत आला, खिडकीशी उभा राहिला आणि म्हणाला, "येत जा."

गाडी सुटली तसं तिला रडू आलं. भावावर राग नव्हता. बावीस दिवाळ्या गेल्या, आणि त्या कुणी हिसकावूनही घेतल्या नव्हत्या.