भुरीच्या नाकावरची पिवळी पूड

फुलवालीच्या घरात फुलाची एक पाकळी सापडायची नाही. दिवसभर दुकानात गुच्छ बांधणारी ही बाई घरी यायची ती रिकाम्या हातांनी. शेजारणी म्हणायच्या, हिच्याकडे फूल बघायचं तर कॅलेंडरवरच बघावं. कारण एकच, भुरी मांजर. लिलीचं पान, फूल, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराच्या जिवावर उठतं, हे धंद्यात पडल्यापडल्या तिच्या कानावर आलं होतं आणि तिने ते गाठीला बांधलं होतं.

भुरी सासूबाईंची. सासरे गेल्यापासून म्हातारी माणसांशी कामापुरतंच बोलायची, उरलेलं सगळं मांजरीशी. सुनेच्या कागाळ्याही मांजरीलाच सांगायची, फक्त सुनेला ऐकू जातील इतक्या आवाजात.

त्या दिवशी दुकानात एका मोठ्या हॉलच्या सजावटीचं काम होतं. सगळी पांढरी लिली. तिच्या पोटातली पिवळी पूड कापडाला लागली की डाग जन्मभर जात नाही, म्हणून बांधायच्या आधी आतले तंतू चिमटीने खुडून टाकतात. खाली टाकले तर पायांनी पसरतात, म्हणून फुलवाली ते एप्रनच्या खिशात टाकायची. एरवी एप्रन दुकानातच खुंटीला असायचा. पण त्या दिवशी त्याचा बंद तुटला, आणि शिवून टाकू म्हणून तिने तो घडी करून घरी आणला. हात धुतले, कपडे बदलले. खिसा झटकायचा मात्र राहिला. वर बसलेल्याला सगळं दिसतं, पण आपले खिसे झटकायला तो काही खाली येत नाही.

सकाळी उठून बघते तर भुरी खुर्चीवर, एप्रनच्या घडीवर अंगाचं मुटकुळं करून बसलेली. नाक पिवळंजर्द. जीभ काढून निवांत पंजे चाटत होती. सासूबाई ओलं फडकं घेऊन कौतुकाने म्हणत होत्या, कुठे तोंड घातलंस ग बये.

मांजर दिसायला ठणठणीत होती. गप्प राहिलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं, निदान संध्याकाळपर्यंत. तिने भुरीला टॉवेलात गुंडाळलं आणि सासूबाईंना एवढंच म्हणाली, चप्पल घाला. रिक्षात भुरी ओकली.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पिवळं नाक बघून आधी हेच विचारलं, कुठलं फूल?

"लिली. माझ्या खिशातली," फुलवाली म्हणाली.

सासूबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टरीणबाईंनी अंग धुऊन काढायला सांगितलं, पायाला सलाइन लावलं. म्हणाल्या, हे विष मूत्रपिंडांवर जातं. लघवी होत राहिली तर आशा आहे. थांबली, तर माझ्याही हातात काही नाही.

तो दिवस कोरडा गेला. पिंजऱ्यातला वाळूचा ट्रे जसाच्या तसा. बाहेरच्या बाकावर सासू एका टोकाला, सून दुसऱ्या. फुलवालीच्या ओठांवर देवाचं नाव चालू होतं, पण काही मागायची तिला लाज वाटत होती. चूक आपली, आणि पदरात घ्यायला देव! तरी नाव सुटलं नाही. दुसऱ्या कशाला धरून बसणार?

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचं दार उघडताच दोघी आत शिरल्या. सासूबाई पिंजऱ्यापाशी वाकल्या, ट्रेमध्ये चक्क बोट घातलं आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. फुलवालीला पुढे व्हायचा धीर होईना.

"ओलं आहे," सासूबाई म्हणाल्या. मग कमरेला हात लावत उठल्या. "जन्मात कुणाच्या मुताची इतकी वाट पाहिली नव्हती."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लक्षण चांगलं आहे, पण रक्त पुन्हा तपासायचंय. उद्यापर्यंत खात्री देत नाही. फुलवालीने मान हलवली आणि दुकानात निरोप द्यायला फोन काढला.

"उद्याही येणार नाही म्हणून सांग," सासूबाई म्हणाल्या. "माझ्याने एकटीने इथे बसवत नाही."