कार्डाची मागची बाजू

श्री. अनंतराव निपाणीकर, म्हणजे आम्हां सर्वांचे अण्णा, यांची माझी ओळख एका चुकीमुळे झाली. बंगलोरच्या आमच्या संशोधन संस्थेत तेव्हा आकडेमोडीला हाताने फिरवायची यंत्रे होती आणि मी नुकतीच लागले होते. एक वर्गमूळ तीनदा काढले, तिन्ही वेळा चुकले. रडकुंडीला येऊन अण्णांकडे गेले. त्यांनी कृती लिहिलेले कार्ड निरखले आणि म्हणाले, "सुमतीबाई, तुमचं नाही, माझं कार्ड चुकलंय." लगेच दुरुस्ती केली आणि कार्डाच्या मागे लिहिले, 'चूक दाखवली : सुमतीबाई.' नोकरीच्या पहिल्या आठवड्यात माझे नाव कार्डावर! ते मी घरी चार जणांना सांगितले.

अण्णांची पद्धतच ती. कुणी सोपी युक्ती काढली की ती कार्डाच्या पुढच्या बाजूला लिहायची. ती कुणाची आणि कुठे दगा देते, हे मागे. पुढे संगणक आला, भोके पाडलेल्या कार्डांवर प्रोग्रॅम लिहायचे दिवस आले. अण्णांनी तोवर पन्नाशी ओलांडली होती. तरी प्रोग्रॅमचे उपयोगी तुकडे, यंत्र अडून बसले तर कोणती आज्ञा द्यायची याची टिपणे, सारे त्यांच्या लाकडी खोक्यात जमू लागले. रविवारीही त्यांच्या मल्लेश्वरमच्या घरी कुणीतरी टिपण मागायला येई. वहिनी म्हणत, "स्वल्प थांबा, पूजा चाललीय." अण्णा तोवर सोवळ्यातच बाहेर आलेले असत.

अण्णांच्या या गौरविकेच्या संपादक मंडळाने मला गोड लिहायला सांगितले आहे. इथवर लिहिले. आता जमणार नाही.

आमच्या विभागप्रमुखांना त्या खोक्याचे पुस्तक करावेसे वाटले. (त्यांचे नाव मी घेणार नाही, ते पुस्तकावर पुरेसे मोठे छापले आहे.) संकलक म्हणून साहेब! जागा वाचावी म्हणून कार्डांच्या मागच्या बाजू गाळल्या. माणसे गेली आणि इशारेही गेले. अण्णांचे नाव कुठेच नव्हते; ते तर अण्णांनी मुळात एकाही कार्डावर लिहिले नव्हते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो आम्ही डोळ्यांनी पाहिला.

महिन्याभरात एका तरुण इंजिनियरचे गणित कोलमडले. भाजक फार लहान असला की त्याने पुस्तकातून घेतलेला तुकडा चुकीचे उत्तर देई. मूळ कार्डामागे हे लाल शाईत लिहिलेले होते. भर बैठकीत साहेब म्हणाले, "ती निपाणीकरांची जुनी कार्डं. मी काय करणार?" म्हणजे शाबासकी यांची आणि चूक अण्णांची! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी खोके आणले, ते कार्ड उलटे करून टेबलावर आपटले. आणि अण्णा काय म्हणाले? "सरी, सरी, असू दे. पुढच्या आवृत्तीत मागची बाजू छापा म्हणजे झालं."

झालं? अण्णा, त्या दिवशी मला साहेबांइतकाच तुमचाही राग आला होता, आणि तो अजून उतरलेला नाही. दुसऱ्या आवृत्तीत आम्हां सगळ्यांची नावे आली, मुखपृष्ठावर साहेब तसेच राहिले. तुम्ही गणक म्हणून लागलात आणि गणक म्हणूनच निवृत्त झालात. आज तीच संस्था हार घेऊन उभी आहे. तो हार तुम्ही नम्रपणे घालून घ्याल, हेही मला ठाऊक आहे.

अण्णांनी शंभरी गाठावी. त्यांचे डोळे आणि गुडघे शाबूत राहावेत आणि रविवारी त्यांचे दार असेच उघडे राहावे. परवा मी त्यांच्या खोक्यात एक कार्ड गुपचूप ठेवून आले. पुढच्या बाजूला लिहिले आहे : 'अनंतराव निपाणीकर. हे सारे खोके यांचे.' मागे लिहिले आहे : 'कुठे दगा देते : स्वतःचे नाव लिहायची वेळ आली की. चूक दाखवली : सुमतीबाई.'